डाव्या रकान्यातले शब्द

३ मार्च

धाकटी आली. चप्पल काढायच्या आधीच कागद पुढे — "ताई, नंबर लागला आमचा!" मूल दत्तक देणाऱ्या संस्थेचा फॉर्म. नऊ पानी, सगळा इंग्रजीत. तो अर्जदाराने स्वतःच्या हाताने भरायचा. शिवाय नात्यातल्या एका माणसाचं गोपनीय पत्र हवं. दोघं कशी आहेत, मूल सांभाळतील का वगैरे. पत्र थेट संस्थेला जाणार, अर्जदारांनी वाचायचं नाही.

"तूच लिही. तुझ्यासारखं इंग्रजी आहे कुणाचं आपल्यात?"

नाहीच. बाबांच्या पेन्शनपासून तिच्या नवऱ्याच्या नोकरीच्या अर्जापर्यंत घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याच टेबलावर येतो. सव्वीस वर्षं कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात साहेबांच्या शिव्यांचं सभ्य इंग्रजी करते मी. चहा पिऊन गेली. बिस्किटांचा चुरा टेबलावर तसाच! एक्केचाळीस वर्षांची बाई.

४ मार्च

हो म्हणून बसले. का म्हटलं, देव जाणे.

८ मार्च

रविवार, म्हणजे धाकटी. मी चहा टाकत होते तेवढ्यात बाईसाहेबांनी माझी वही उघडली. एका अर्थाचे दोन-दोन इंग्रजी शब्द मी त्यात लिहून ठेवते. डाव्या रकान्यात मऊ, उजव्यात टोचणारा. कोशात बघाल तर दोघांचा अर्थ जवळजवळ एकच. पण डावा लिहिला की माणसाला बढती मिळते, उजवा लिहिला की त्याची बदली होते. हे मी सव्वीस वर्षं बघतेय.

"डावीकडचे किती छान आहेत गं," म्हणाली. तिने वाचलं असेल दीड पान. कळलं असेल त्यातलं अर्धं.

१० मार्च

ऑफिसात फोन. "ताई, एखादं माणूस बोलायला कडक असेल, पण मनाने चांगलं, तर काय लिहायचं?"

नवऱ्याबद्दल विचारत असणार. तो मुखदुर्बळ प्राणी कडक कधी झाला, कोण जाणे. सांगितलं — हार्श. स्पेलिंग दोनदा विचारलं.

१२ मार्च

पत्राला बसले. पेन्सिलने कच्चं, मग शाईने. माझी पद्धत.

तिला मुलाची ओढ आहे. ओढीला ईगर आहे, डेस्परेटही आहे. ईगर माणूस दारात वाट बघत उभा राहतो, डेस्परेट माणूस दार तोडतो. डेस्परेट लिहिलं. खोटं काय त्यात? चौदा वर्षं दवाखान्यांचे उंबरे झिजवलेत तिने.

लहान मुलांत रमते, त्यांच्यासारखी होते. चाइल्डलाइक म्हणजे निरागस, चाइल्डिश म्हणजे पोरकट. टेबलावरचा चुरा आठवला. चाइल्डिश.

नवरा अबोल. रिझर्व्ह्ड की विथड्रॉन? पहिल्यात अदब आहे. दुसऱ्यात माणूस खोलीत बसून भिंतीकडे बघतो. त्याला दुसरा.

दोनदा पोटातलं मूल गेलं तेव्हा ती चार महिने अंथरुणात होती. मीच भरवलं, मीच केस विंचरले. त्याला ग्रीफ म्हणता येतं. डिप्रेशनही म्हणता येतं. ग्रीफ सगळ्यांनाच होतं, त्याची कुणी फाइल उघडत नाही. बराच वेळ पेन्सिल चावत बसले. डिप्रेशन लिहिलं.

पत्रात एक अक्षर खोटं नाही. कुणीही तपासून बघावं!

१३ मार्च

लिहूनच टाकते, इथे कोण वाचणार आहे. मूल आलं की रविवार गेला. आधी "ताप आहे", मग "शाळा आहे", मग वाढदिवसाला एक फोन. आई होती तेव्हा आईचं, धाकटीचं सगळं मी केलं आणि आई जाताना नाव घेत राहिली धाकटीचं. तिला नवरा मिळाला, घर मिळालं, आता मूलही? माझ्या वाट्याला एक रविवारच आला होता. तो मी सोडणार नाही.

१५ मार्च

पुन्हा तिचे प्रश्न, मऊ भाताची वाटी पुढे ठेवून. म्हणे पोट बरं नाही ना तुझं. "एकटं राहणाऱ्या, कुणात न मिसळणाऱ्या माणसाला काय म्हणतात?"

लोनली, म्हटलं.

"आणि आपलंच खरं करणाऱ्याला?"

ऑब्स्टिनेट. कसला नवरा गाठलास गं, असं विचारणार होते. तिने कागदावर लिहून घेतलं, मग खोडलं, आणि हळूच माझ्या वहीकडे बघत राहिली.

१६ मार्च

पत्र टाकलं. जाऊन आल्यावर हात साबणाने धुतले. शाई होती बोटांना.

५ एप्रिल

आज मी तिच्याकडे गेले. कोपऱ्यातली खोली पिवळी रंगवलीय, नवऱ्यानेच. स्टुलावर उभं राहून, रंग कानापर्यंत! खाली छोटी खाट. धाकटी उशीचा अभ्रा चारदा काढून चारदा घालत होती. "संस्थेच्या बाई येऊन गेल्या. फार कमी बोलल्या गं. औषधं कुठली घेता, हेच तीनदा विचारलं. मी तर काहीच घेत नाही."

"विचारतात तसं," मी म्हटलं.

खाटेच्या कडेला तिने कापूस लावून कापड गुंडाळलं होतं, डोकं आपटू नये म्हणून. शिवण वाकडी. तिला कधीच सरळ शिवता आलं नाही. खोलीत दुसरी एक मोठी खाटही होती. कुणासाठी, विचारलं नाही. मेव्हणा घोरत असेल.

२१ एप्रिल

नकार आला. पाकीट घेऊन दोघं माझ्याकडेच आली, वाचून दाखव म्हणून. सोबत फॉर्मही परत. वयाची अट आहे, त्यामुळे पुन्हा अर्ज नाही.

मी वाचलं. जमेल तितकं मऊ करून वाचलं. उजव्या रकान्यातल्या शब्दांना तोंडातल्या तोंडात डावीकडे ढकलत. नवरा खिडकीशी उभा होता. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

धाकटीने बोट ठेवलं. "हा शब्द कुठला?"

अनसूटेबल.

"म्हणजे अनफिट?"

"नाही गं. अनफिट म्हणजे माणूसच नालायक. अनसूटेबल म्हणजे… या कामाला जुळत नाही, इतकंच."

"म्हणजे मी चांगली आहे. पण आई म्हणून नाही."

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मलाच कळलं नाही. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी केस विंचरले तेव्हासारखेच. आणि खोटं का लिहू — बरं वाटत होतं.

पाकीट ठेवून गेली. "तुझ्याकडेच राहू दे. मला बघवत नाही."

२६ एप्रिल

रविवार. धाकटी आली. साडेपाचला गेली. चहाला साखर कमी झाली होती, तसाच प्यायली.

२८ एप्रिल

पाकीट कपाटात टाकताना फॉर्म खाली पडला. सहावं पान. प्रश्न — मुलाच्या संगोपनात घरातलं आणखी कोण असेल, त्यांचा स्वभाव कसा आहे?

तिचं ते गोल गोल अक्षर. "माझी मोठी बहीण. आमच्यासोबत राहायला येणार आहे, तिला अजून सांगितलेलं नाही." पुढे हार्श लिहून खोडलंय, वर फर्म, म्हणजे ठाम. लोनली खोडलंय, वर प्रायव्हेट. ऑब्स्टिनेट खोडलंय, वर स्टेडफास्ट, म्हणजे साथ न सोडणारी. सगळे माझ्या वहीतले. सगळे डावीकडचे.

शेवटचं वाक्य तिने मला न विचारता लिहिलंय. "आम्हा दोघांना काही झालं तर मूल ताईकडे राहील, कारण मला तिनेच वाढवलं."

त्या वाक्यात एकही चूक नाही.