गिऱ्हाईक येण्याआधी

प्रिय अण्णा,

तुमच्या उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या आज मोजून हॉस्पिसमध्ये परत दिल्या. तिथल्या सिस्टरनी आपली गोळ्यांची वहीही मागितली, नव्या रुग्णांच्या घरच्यांना दाखवायला. उद्या न्यायची आहे. दुसऱ्या पानावरच अडलोय, म्हणून हे पत्र.

त्या पानावर वेळा नीट लिहिल्यात: सहा, दहा, दोन, सहा, दहा. समोरचे रकाने मात्र रिकामे. सहावीत शाळा सोडलेला मी, मोठा शहाणा! कॅन्सर तुमच्या हाडांत उतरलेला, आणि मला धास्ती काय, तर तुम्हाला गोळीची सवय लागेल, श्वास थांबेल! म्हणून ठरवलं, कण्हल्याशिवाय द्यायची नाही. चार दिवस! आणि तुम्ही कण्हायचाच नाहीत. का, अण्णा? मी घाबरेन म्हणून? एकदा तरी ओरडायचंत माझ्यावर!

पाचव्या दिवशी सिस्टर घरी आल्या, वही पाहिली. "दुखायची वाट बघायची नाही, घड्याळाप्रमाणे द्यायची. स्वल्प झोपाळल्यासारखं होईल, पोट साफ होणार नाही, त्याचं औषध सोबत दिलंय. घाबरू नका." मी मान हलवली, पण हात पुढे होईना.

तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करूनच म्हणालात, "अरे, चामराजपेटेत चाळीस वर्षं शिवलं मी. गिऱ्हाईक दारात आल्यावर कधी काजं करायला घेतली? त्याच्या आधी कपडा तयार हवा. हे दुखणंही गिऱ्हाईकच. वेळेवर येतंय बघ!"

सिस्टर हसल्या. मी रडलो. "सरी, अण्णा, देतो," म्हणालो आणि दहाची गोळी दहाला दिली.

दोन दिवसांनी तुम्ही उठून बसलात, दीड इडली खाल्लीत आणि माझ्या शर्टाकडे बघून म्हणालात, "ही काजं कुणी केली? शिंप्याचा मुलगा ना तू?" एवढं सोसून दुसऱ्याला हसवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

शेवटची गोळी मीच दिली. तिनंच तर नाही ना? डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाले, "आजारानं गेले, गोळीनं नाही." तुमच्या कपाळावर एकही आठी नव्हती, अण्णा.

ते पान फाडून नव्यानं सुबक लिहावं, असं सकाळपासून वाटतंय. नाही लिहिणार. रिकामे रकाने तसेच ठेवून वही देईन. आणि माझ्यासारखा कुणी गोळी मुठीत धरून बसलेला दिसला, तर त्याच्याशेजारी बसून तुमचं ते गिऱ्हाइकाचं सांगेन. वचन देतो.

अजून वाकडी काजं करणारा,
तुमचा रामू