शेवटच्या शेतापासून पाणी

गुरुवार, १८ जानेवारी १९९६

पाणीवापर संस्थेचा सचिव झाल्यावर पहिलाच ठराव केला: या वेळी कालव्याच्या चारीवर शेवटच्या शेतापासून पाणी सुरू करायचं. बरोबरच केलं. दरवेळी वरच्यांचा ऊस दोनदा भिजतो आणि शेवटच्या शेतातला शांताकाकूंचा गहू वाळतो. चारीवरचं पहिलं शेत आमचंच, त्यामुळे कुणी ब्र काढला नाही. माझे वडील, आबा, तेवढे सकाळीच रानाकडे निघून गेले.

संध्याकाळी ते घरी आले, तर हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. आपल्या रानात पाणी नाही, मग हा ओला चिखल कुठला? वडिलांवर संशय घ्यावा का? पण घेतला. विचारलंच, "आबा, चारीवरचं आपलं दार उघडलं का?"

ते हात धूत राहिले. "उघडाय कशाला लागतंय? ते गळतंयच की. तू समद्यांची दारं तपासत हिंडलास, आपल्याकडं बघितलंच न्हाय. लिंपून आलो."

खरंच, आमचं तेवढं राहिलं.

उद्या दुपारपर्यंत काकूंच्या गव्हाला पाणी पोचणार, खात्री आहे. तो चिखल मात्र माझ्या हाताला लागायला हवा होता.