चौथ्या ट्रॅकमधला एक्झॉस्ट फॅन

गुरुवार, संध्याकाळी. कळंबोली.

आमच्या सईचा नवा अल्बम आज आला. बंगळुरूहून पोरीचा मेसेज, "आई, हेडफोन लावूनच ऐक." त्यात गाणी नाहीत, शब्द नाहीत, नुसते लांबच लांब घुमणारे इलेक्ट्रॉनिक सूर. मेथी निवडता निवडता ऐकत होते. चौथ्या ट्रॅकला घरघर सुरू झाली. अरे, हा तर आमच्या किचनचा एक्झॉस्ट फॅन! इथे असताना पोरीने रेकॉर्ड केला असणार. हसूच आलं. आणि मग त्या घरघरीखाली कुणीतरी रडताना ऐकू आलं.

मीच.

ह्यांचं बोलणं लागलं की किचनचं दार लोटून, फॅन लावून रडायचे. कुणाला कळत नाही, असंच धरून चालले होते मी.

तसाच सईला फोन लावला. "फॅन चालू असताना ऐकू यायचं?"

"हॉलपर्यंत यायचं, आई."

"मग बाबांना?"

ती म्हणाली, "बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे."

आणि मी? ह्यांना कमी ऐकू येतं म्हणून कानाच्या डॉक्टरकडे चला, चला, अशी मागे लागले होते!

आत्ता हे तळोज्याहून, कामावरून आलेत. टीव्ही लागलाय. मी फॅन बंदच ठेवलाय.