गोठा, फायनल

२ फेब्रुवारी
...आणि म्हणूनच मी आईला म्हटलं होतं, नागपुरात राहिले तर जन्मभर लग्नपत्रिकाच डिझाइन करत बसेन. बघ, आले की नाही पुण्यात! शहराच्या टोकाला, मांजरी गावात रूम मिळाली. चौथा मजला, बिल्डिंग इतकी नवी की लिफ्टच्या आरशावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. रूममेट कादंबरी, आयटीवाली, भयंकर नीटनेटकी. तिने फ्रिजमधला माझा कप्पा टेप लावून आखून दिला. खिडकीतून एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मधे एक खराखुरा गोठा!
स्टुडिओत पहिलं काम मिळालं ते पण गोठ्याचंच. एका डेअरीच्या दुधाच्या पिशवीवर छापायचं चित्र. हे जमलं तर जॉब कन्फर्म, असं अनिरुद्ध सर म्हणाले. आय ॲम सो रेडी.

४ फेब्रुवारी
गोठा काढून दाखवला: लाल लाकडी भिंती, पांढऱ्या चौकटी, दारावर मोठी फुली. केजीच्या पुस्तकापासून माझ्या डोक्यात फार्म म्हणजे हेच. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, आपली म्हैस ग्रीनकार्डवाली आहे का? सगळे हसले, मी पण. मग म्हणाले, दीक्षाताई, खिडकीतून गोठा दिसतो ना, तर जरा जिने उतरण्याची तसदी घ्या.

५ फेब्रुवारी
उतरले. गोठा दुर्गाबाईंचा. म्हैस एकच, मोगरी. दुर्गाबाईंनी आधी विचारलं, बिल्डरकडनं आलीयेस का? नाही म्हटल्यावर बसायला बादली उलटी करून दिली.
सगळं स्केच करून आणलं आणि रूमवर लॅपटॉपवर बसले. पत्र्याच्या गंजाचे चार शेड्स. शेणाने सारवलेल्या भिंतीवर बोटांचे वळ, ते पेन टूलने एकेक ओढले. वैरण, दावं, पाण्याचा अर्धा कापलेला ड्रम. आणि म्हशीच्या तोंडापाशी तिचं रेडकू. ती त्याला चाटत होती, दुर्गाबाई धार काढत होत्या आणि ते इतकं गप्प उभं होतं! असं मॉडेल मला कॉलेजात कधी मिळालं नाही. डोळे मिटलेले होते, पेंगत असेल. मी उघडे काढले. मोठे, पाणीदार, कोपऱ्यात पांढरा ठिपका. एकदम जिवंत.
सरांना मेल केलं. त्यांचा रिप्लाय: बरं आहे. (कादंबरी म्हणाली, पुण्यात याला उभं राहून टाळ्या वाजवणं म्हणतात.)

७ फेब्रुवारी
दुर्गाबाईंना चित्र दाखवायला गेले. फोन लांब धरून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, अगं बाई, ते मेलेलं हाय. संक्रांतीच्या आधीच गेलं. कातड्यात पेंढा भरून उभं केलंय. ती चाटती, तिला वाटतं पोर जवळ हाय, मग पान्हा सोडती. नाहीतर थेंब देत नाही.
मी त्याच्या पाठीला हात लावला. आतून चुरचुरलं.
मग म्हणाल्या, ह्याला बघतं कशाला केलंस? डोळं मिटव त्याचं.
मी सॉरी म्हटलं. चित्र आहे हो, नुसतं चित्र.

९ फेब्रुवारी
मोगरी पेंढ्याच्या रेडकाला हुंगते आणि तोंड फिरवते. दूध बंद. दिवसभर आमच्या बिल्डिंगकडे बघून हंबरते. कादंबरी हेडफोन लावून मीटिंगला बसते.
सरांना म्हटलं, रेडकाचे डोळे मिटू का? ते म्हणाले, क्लायंटला फक्त तेवढेच आवडलेत. तुम्हाला जॉब आवडतो ना?

११ फेब्रुवारी
दुपारी डेस्कवर डुलकी लागली. उठले तर डावीकडचे केस ओले, सगळे एकाच दिशेने वर फिरवलेले. शेणाचा वास. आणि मानेची कातडी लाल, पॉलिश पेपर घासल्यासारखी.
सर म्हणाले, नवीन हेअरस्टाइल का?

१२ फेब्रुवारी
सारखी झोप येते. रिक्षात, चहा पिता पिता. डोळा लागला की जीभ. जड, गरम, खरखरीत. कानामागून वर. मग थकवा, असा की माऊस पण जड वाटतो.

१३ फेब्रुवारी
रेडकू डिलीट केलं. त्याचा अख्खा लेयर. बॅकअप पण. जॉब गेला तर गेला. सरांना फाइल पाठवली आणि फोन सायलेंटवर टाकला.
आज तरी नीट झोपेन.

१४ फेब्रुवारी
थांबलं नाही. वाढलंय. आता त्या रेडकाच्या वाटचं चाटणं पण मलाच.
दुर्गाबाई सकाळी वर आल्या, पहिल्यांदाच. हसऱ्या. कासंडी भरून दूध आणलं होतं. म्हणाल्या, मोगरी कालपासून पान्हवली. तुझ्या खिडकीकडं तोंड करती, हवेतच चाटती आणि सोडती दूध. पेंढ्याचं नको म्हणून जाळून टाकलं बघ.
जाताना माझा गाल कुरवाळला. म्हणाल्या, रूम सोडू नको हां पोरी. हितंच र्‍हा.

१६ फेब्रुवारी
भूक नाही. खोकला. बेसिनमध्ये पिवळी काडी पडली, कोरडी. मग अजून दोन.
कादंबरीने मला बेडवरून उचललं — एका हाताने. घाबरली. म्हणाली, तू काही खाल्लंयस का? वजन कुठे गेलं?
कूस बदलली की आतून चुरचुर आवाज येतो —

१७ फेब्रुवारी
कादंबरी तिच्या आईकडे गेली. मला पण चल म्हणाली. लिफ्टपर्यंतसुद्धा चालवत नाही.

१८ फेब्रुवारी
लॅपटॉप मांडीवर. रेडकू परत काढता येईल. तेवढी ताकद आहे अजून — चार पाय, कान, डोळे. या वेळी नुसते डोळे नाही, अख्खं जिवंत काढलं की ती त्याच्याकडेच जाईल, मी सुटेन.
दुर्गाबाईंना हे सांगितलं, तर त्या दारातच बसल्यात. हात जोडून. म्हणतात, नको काढू गं, माझं कसं होईल.
पण मी थांबलेय ते त्यांच्यासाठी नाही.
ती चाटते तेव्हाच गरम वाटतं. बाकी सगळं — कोरडं. ती गेली तर आत उरेल ते कोण? नुसता —
आई फोन करतेय. उचलायला हात —
तुम्ही सांगा. तुम्ही माझ्या जागी असता तर ते रेडकू परत काढलं असतं का, की असंच पडून —