एक आई, दोन अर्ज

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, प्राप्तिकर कार्यालयातून निवृत्त झालेली वरिष्ठ लिपिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्याशिवाय आलेले अर्ज मी एकतीस वर्षं परत पाठवले, तेव्हा माझाच कागद अपुरा असणं शोभणार नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. या घरात दबाव आणणारं फक्त एक मांजर होतं, ते मागच्या वर्षी गेलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुन्हा करण्याचा उत्साहही नाही.

मी चार नंबरच्या खिडकीवर बसत असे. म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळणारे, मुलं शिकवणारे, स्वतः शिकणारे, वय झालेले, अपंग, अशा सगळ्यांना टॅक्समध्ये जी सवलत मिळते, तिचे अर्ज तिथे तपासले जात. लोक मला 'नामंजूरबाई' म्हणत. हळू म्हणत, पण खिडकीची काच पातळ होती.

कलम एक. दुसऱ्या मजल्यावरचं हे राहतं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या पगारातून घेतलेलं असून त्यावर कोणाचाही बोजा नाही. ते माझ्यामागे माझ्या भाचीला मिळावं. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि दर मंगळवारी माझ्या गुडघ्याशी कुस्ती खेळते. तिला दिसत नाही, पण या घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. माझा चष्माही तीच शोधून देते. तिने घर विकावं, भाड्याने द्यावं, वाटेल ते करावं. फक्त खिडकीजवळची कपाटं हलवू नयेत, अशी विनंती. अट नव्हे.

कलम दोन. पाच नंबरच्या खिडकीवर माझ्या शेजारी बावीस वर्षं बसलेले माझे सहकारी, ज्यांना सगळं कार्यालय 'पाचनंबर' म्हणे, त्यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. माझा रेडिओ आणि हातांची खुर्ची त्यांना द्यावी. एकदा दुपारच्या सुट्टीत डबा उघडता उघडता ते म्हणाले होते, "आपण लग्न केलं तर दोघांनाही विवाहितांची सवलत मिळेल." मी म्हणाले, "कागदपत्रं अपुरी आहेत." वास्तविक अपुरी कागदपत्रं पूर्ण करून पुन्हा अर्ज करता येतो. हा नियम त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी केला नाही. हा दोष त्यांचा, माझा नव्हे, आणि तो इथे नोंदवून ठेवते.

कलम तीन. बँकेतल्या शिलकीतून आधी माझं शेवटचं विवरणपत्र भरावं, मुदतीत. ज्येष्ठ नागरिकांची सवलत घ्यायला विसरू नये. मेल्यावर परतावा मिळाला तर त्याची मजा मला घेता येणार नाही, पण सोडायचा का म्हणून? उरलेली रक्कम भाची जिथे शिकली त्या कॉलेजला द्यावी, आणि कॉलेजने ती दृष्टिहीन मुलांना पुस्तकं वाचून दाखवणाऱ्यांच्या मानधनासाठी वापरावी.

कलम चार. हे माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे, म्हणून लांबणार.

धाकट्याचं चष्म्याचं दुकान आहे. साऱ्या गावाचे नंबर काढतो, पण जवळचं त्याला कधी नीट दिसलं नाही. आई शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती ती माझ्याकडे, याच घरात. आई माझ्यावर अवलंबून म्हणून मिळणारी सवलत मी घेत असे. एके वर्षी माझ्या टेबलावरच्या गठ्ठ्यात धाकट्याचा अर्ज आला. त्यात आमच्या आईचं नाव, आणि पुढे त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: 'माझ्या घरी राहते. सांभाळ मी करतो.'

मी तो अर्ज पाचनंबरांकडे सरकवायला हवा होता. नातेवाइकाचा अर्ज आपण तपासू नये, असा नियम आहे. एकतीस वर्षांत मी एवढा एकच नियम मोडला. रागाने शिक्का उचलला आणि 'नामंजूर' असा हाणला. त्याला दंड झाला.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीवर आला.

"ताई, बहीण असून तू हे केलंस?"

"मी इथे बहीण म्हणून बसत नाही."

"मग घरी तरी बसतेस का?" असं म्हणून तो गेला, तो अकरा वर्षं बोलला नाही.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती उशीवर डोकं टेकून खुदकन हसली. म्हणाली, "मी दोन घरी राहते होय? मग एका घरचा तरी चहा गोड का नाही?" तिला साखर बंद होती. हसणं आवरल्यावर मात्र म्हणाली, "त्याला बोलाव." मी बोलावलं नाही. दोन वर्षांनी ती गेली. धाकटा आला, दाराशी उभा राहिला, खांदा दिला आणि कोणाशी न बोलता परत गेला.

मग एका सकाळी खिडकीवर एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. फॉर्म अगदी नाकाला लावून उभी होती. म्हणाली, "आत्या, मी वाचायचा प्रयत्न केला. मला दिसत नाही. विद्यार्थ्यांची सवलत भरायची आहे, आणि दुसरी पण. ती दुसरी बाबांना सांगू नकोस."

दुसरी म्हणजे अपंगत्वाची. दर सहा महिन्यांनी हिच्या डोळ्यांतला उजेड कमी होत होता आणि दर सहा महिन्यांनी हिचा बाप अधिक जाड काच बसवून देत होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याने ऐकलं नव्हतं.

या वेळी मी नियम पाळला. अर्ज पाचनंबरांकडे दिला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला दाखल्यासाठी डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. तीन दिवसांनी घरात तो दाखला सापडताच धाकटा कार्यालयात आला. रांगेतली माणसं बाजूला झाली.

"माझ्या पोरीला आंधळी म्हणून कागदावर लिहायला तू कोण?"

"मी काही लिहिलेलं नाही. डॉक्टरांनी लिहिलंय. आणि ती स्वतः घेऊन आली होती, एकटी, दोन बस बदलून."

"मी तिला बरी करतोय!"

"तू तिला चष्मे देतोयस," मी म्हणाले. "तिला वाचून दाखवणारं माणूस हवंय, बोलणारं यंत्र हवंय, काठी हवीय. त्याला खर्च लागतो. म्हणून सरकार म्हणतं, तेवढं आम्हाला देऊ नका, तिच्यासाठी ठेवा. या कागदाचा अर्थ एवढाच आहे. त्यात तिला कोणी कमी म्हटलेलं नाही."

तो बाकावर बसला. मग म्हणाला, "पेन आहे का?" वडील म्हणून भरायचा भाग त्याने तिथेच भरला. 'अपंगत्वाचे स्वरूप' या रकान्यापाशी पेन थांबलं. पाचनंबर म्हणाले, "सावकाश. आज गर्दी नाही." मागे चाळीस माणसं उभी होती. धाकट्याने तो रकाना भरला, त्याच सुबक अक्षरात.

तेव्हापासून आम्ही बोलतो. भांडतोही, म्हणजे तब्येत ठीक आहे.

आता माझ्या बाजूचं. गेल्या वर्षी मी तळमजल्यावरच्या औषधवाल्या बाईंकडे गोळ्या घ्यायला गेले असता त्या सहज बोलून गेल्या की, आईची महागडी इंजेक्शनं स्वस्तात मिळत होती याचं कारण दुकानाची सूट नव्हती. अर्ध्याहून अधिक पैसे दर महिन्याला धाकटा भरून जात असे. शिक्क्याच्या आधीही आणि नंतरही, आई जाईपर्यंत. मला सांगायचं नाही, अशी त्याने त्यांना शपथ घातली होती. म्हणजे 'माझ्या घरी राहते' हे खोटं होतं, पण 'सांभाळ मी करतो' हे निम्मं तरी खरं होतं. त्या फॉर्मात निम्म्यासाठी रकाना नव्हता, आणि मी विचारलं नाही. तरी, नामंजुरी बरोबरच होती. अकरा वर्षं चूक होती. तेवढ्याबद्दल मी त्याची माफी मागते, लेखी.

कलम पाच. आईच्या सोन्याच्या दोन बांगड्या धाकट्या भावाला द्याव्यात.

वरील कलम पाच रद्द समजावं. कारण असं: साक्षीला औषधवाल्या बाई आणि डॉक्टर असे दोघे यायचे ठरले होते. डॉक्टरांना ऐन वेळी तातडीचं बोलावणं आलं. धाकटा भाचीला पोचवायला आला होता, त्याने टेबलावरचे कागद उचलून सगळे वाचले. मी अडवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "दुसरा साक्षीदार मी होईन."

मी म्हणाले, "ज्याला यातून काही मिळतं त्याने साक्ष घालू नये. सही केलीस तर बांगड्या गेल्या."

"जाऊ देत. पोरीच्या हातात बऱ्या दिसतील."

"नीट विचार कर. आईच्या आहेत."

"ताई," तो म्हणाला, "आईच्या नावाखाली एकदा खोटी सही केलीय. आता खरी करू दे."

सबब बांगड्या भाचीला. खाडाखोड माझीच असून तिच्याशेजारी मी आद्याक्षरं घातली आहेत.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून, समजून, राजीखुशीने त्यावर सही केली.

स्थळ: राहते घर, दुसरा मजला.
दिनांक: १२ मार्च, गुरुवार, सकाळी साडेअकरा.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त वरिष्ठ लिपिक, खिडकी क्रमांक चार

साक्षीदार पहिल्या: (सही) औषधवाल्या बाई, तळमजला. शपथ मोडल्याबद्दल त्यांना कोणी बोलू नये.

साक्षीदार दुसरा: (सही) चष्मेवाला, लिहून ठेवणारीचा सख्खा धाकटा भाऊ. 'आईशी नातं' असं विचारलेलं नसतानाही त्याने सहीखाली लिहिलं आहे: मुलगा. माझा शेरा: मंजूर.