रात्रीचं जेवण अजून पोटात

जबलपूर,
१२ डिसेंबर १९७१

प्रिय सुहासिनी,

हे उभ्यानेच वाच. माझ्या पोटात गाठ नाही! आणि तुझ्या मनात होतं तेही नाही.

तुला आठवतं ना, ओव्हरटाइम करून फॅक्टरीतून घरी यायचो आणि दोन घासांतच पोट तट्ट भरायचं. तू ताटाकडे पाहून म्हणायचीस, "काहून जेवत नाही? कांचघरला जेवून आलात ना?" म्हणजे माझ्या दोस्ताच्या, बंडूच्या घरी, शैलजावहिनींच्या हातचं! मी शपथा घ्यायचो, तू ताट उचलायचीस. भाऊबीजेला नागपूरला गेलीस ती परतलीच नाहीस.

परवा जेवणाआधी इन्शुलिन घेतलं, नीट जेवलो, तरी हात थरथरायला लागले, दरदरून घाम. बंडूनेच साखरपाणी पाजलं आणि काल दवाखान्यात नेलं. रात्रीपासून उपाशी होतो. पांढरं खडूसारखं औषध पाजून पोटाचा एक्स-रे फोटो काढला, तर डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "सच बताइए, नाश्ता करके आए हैं ना?" अगं, अगदी तुझाच सूर! मला हसूच आवरेना. संध्याकाळी पुन्हा फोटो काढला, ते औषधही तिथंच बसलेलं. तेव्हा कुठे त्यांना पटलं. इतक्या वर्षांच्या मधुमेहानं पोटाच्या नसा मंदावल्यात, पोट अन्न पुढे ढकलतच नाही. सकाळी दिसलं ते रात्रीचंच जेवण होतं. इन्शुलिन वेळेवर पोचतं, अन्न मागे राहतं, म्हणून ती थरथर.

एवढा आजार निघाला आणि मी आनंदात आहे, हे बरं आहे का? की मी खरा ठरलो म्हणूनच हा आनंद? रात्रभर स्वतःला विचारलं. थोडं तसंही असेल. पण एक गोष्ट मात्र मनातून जाईना. माझं झाल्याशिवाय तू जेवायची नाहीस, आणि मी ताट टाकलं की तुझाही घास अडायचा. मी भरल्या पोटी उठत होतो, उपाशी तूच राहत होतीस.

डॉक्टरांनी आता दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, मऊ, पातळ खायला सांगितलंय. आज मीच वरण-भात शिजवला. अगदी लगदा झाला, पण पोटाला सोसला. म्हणून लिहितोय, परत ये. माझ्या मागून जेवायची रीत मात्र नागपूरलाच सोड. सहाही वेळा तू कशी थांबशील? तू आधी पोटभर जेव. मग माझ्यासमोर बस, आणि मी वाटी अर्धीच ठेवून उठलो तरी विचारू नकोस, कुठे जेवून आलात म्हणून.

तुझाच,
शरच्चंद्र