शालूनं घातलेली चादर

बदलापूर, मांजर्ली. गुरुवार, जानेवारी १९९३.

शालूला जाऊन आज आठ दिवस झाले. भेटायला येणारे पांगले, आणि मला सारखी ती गोव्याची चादर आठवतेय.

अंबरनाथच्या कारखान्यातून मी रिटायर झालो, तेव्हा मुलानं आम्हा दोघांना चार दिवस गोव्याच्या रिसॉर्टमध्ये पाठवलं. खिडकीतून समुद्र दिसायचा. शालू मात्र उठल्याउठल्या पलंगाची चादर झटकून, ताणून बसवायची. बाथरूमसुद्धा घासून ठेवायची. खोली आवरणारी बाई बिचारी म्हणाली, "आई, हे माझं काम आहे."

"असू दे गं. लोकांच्या घरी आपलं अंथरूण आपणच काढावं," शालू म्हणाली.

त्या बाईसमोरच मी ओरडलो, "अगं, आपण पाहुणे आहोत इथं! लाज काढतेस माझी."

मग तिनं चादरीला हात लावला नाही. उरलेले दोन दिवस खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली. समुद्र तरी पाहिला का तिनं? मी विचारलंच नाही.

आणि मागच्या गुरुवारी सकाळी डबा घेऊन हॉस्पिटलात गेलो, तर तिची खाट रिकामी. चादर ताणून बसवलेली, उशी सरळ. मनात म्हटलं, झालं! अंगात ताकद नाही, तरी हिनं इथंही आवरलंच. बाथरूमला गेली असेल, आली की चांगला रागावतो. डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसलो.

बराच वेळ बसलो. मग नर्स आली. हळूच म्हणाली, "काका, ती चादर आम्ही घातली."